खटका कुठे मोडला: कलमाच्या एका चाकूची मूठ आणि पोलाद

मामांचा चाकू मोडला तेव्हा पातं शाबूत होतं. मोडली ती पाठीतली स्प्रिंग. पातं उघडलं की जिच्या जोरावर खटका बसतो, ती पट्टी मधोमध दुभंगली आणि पातं बिजागरीवर लुळं पडलं. चाकू २६ वर्षांचा होता. धार लावून लावून पात्याची रुंदी जवळपास निम्म्यावर आली होती. म्हणून घरात सगळ्यांनीच ठरवून टाकलं की म्हातारा झाला होता, गेला. मीही तेच मानलं, आणि माझ्या पुढच्या दोन चुकांचं मूळ त्यातच आहे.

मामा रोपवाटिकेत कलमं बांधतात. गुलाबाच्या खुंटावर डोळे भरणं हे रोजचं काम, मधूनमधून पाचर कलम. हात दिवसभर ओले किंवा चिकट. डोळा भरताना खुंटाच्या सालीत इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल हलकेच उचलायची, डोळ्याची ढालीसारखी चकती आत सरकवायची आणि पट्टीने बांधायचं. साल आणि लाकूड यांच्या मधला हिरवट थर दोन्हीकडून एकमेकांना भिडला पाहिजे. चीर फाटली किंवा काप खडबडीत आला की डोळा वाळतो. म्हणजे या चाकूला ताकदीचं काम जवळजवळ नाहीच. काम आहे ते सफाईचं, आणि तेही दिवसातून शेकडो वेळा.

मी काही कलमवाला नाही. चाकूंच्या मुठी बसवण्याचा नाद आहे आणि पोलादांबद्दल वाचायची खोड आहे. मामा म्हणाले, "तू एवढं वाचतोस त्यातलं, मला एक बघून दे."

पहिली चूक

मी जे निवडलं ते कागदावर फार देखणं होतं. पोलाद एस-९० व्ही, मूठ टायटेनियमची. या पोलादात सुमारे २.३ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि तब्बल ९ टक्के व्हॅनेडियम असतं. ओतीव पद्धतीने असं पोलाद केलं तर त्यातले कठीण कण मोठे आणि वेडेवाकडे राहतात. म्हणून वितळलेल्या धातूचे फवाऱ्याने बारीक कण करतात आणि ती भुकटी उष्णतेत, दाबाखाली एकजीव करतात. व्हॅनेडियम आणि कार्बन मिळून जे कण तयार होतात ते भयंकर कठीण. पातं झिजतं ते इतकं सावकाश की पुठ्ठे कापणाऱ्या माणसाला महिनोन् महिने दगड लागू नये.

पाच आठवड्यांनी मामांनी तो चाकू फडक्यात गुंडाळून परत आणून दिला.

"धार जात नाही म्हणाला होतास, खरं आहे. पण गेल्यावर येतही नाही."

मामांकडे धार लावायचा दुहेरी दगड आहे, एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक. असे बहुतेक दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. विकर्स मापात त्याचं काठिण्य २००० च्या आसपास, आणि व्हॅनेडियमच्या त्या कणांचं साधारण २८००. म्हणजे दगडच पोलादातल्या कणांपेक्षा मऊ. कणांभोवतीचं पोलाद घासलं जातं, कण तसेच राहतात, आणि अर्धा तास घासूनही धारेच्या पलीकडच्या बाजूला बोटाला लागणारी बारीक कोर काही उठत नाही. हिऱ्याच्या पट्टीवर हेच पातं नीट येतं. पण मामा गेली २६ वर्षं ज्या दगडावर धार लावतात तो त्यांच्या मनगटाला पाठ आहे. पोलाद निवडताना मी पात्याचा विचार केला, दगडाचा केलाच नाही.

बाकीच्या तक्रारी ऐकताना मला जास्त लाज वाटली, कारण त्यांचा पोलादाशी संबंधच नव्हता. धारेच्या लगेच मागे त्या पात्याची जाडी ०.६ मिलिमीटर होती आणि दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांचा उतार. मामांच्या जुन्या पात्याची तिथली जाडी मी मापली तर ०.२. ओल्या फांदीत जाड पातं कापत नाही, फोडत जातं. साल उचलताना मामा पातं किंचित पिळतात, त्यात धारेचे दोन बारीक टवके उडाले होते, कारण झिजेला टिकणारी अशी पोलादं पिळवटण्याला सहसा कमी पडतात. टायटेनियमची मूठ सकाळी गार आणि चीक लागली की मासोळीसारखी निसटायची. शिवाय खिशाला अडकवायची क्लिप दिवसभर तळहातात रुतायची ती वेगळीच.

दुसरी चूक

मग मी उलट टोकाला गेलो. जुना चाकू साध्या कार्बन पोलादाचा आणि लाकडी मुठीचा होता ना, मग तसाच घ्यावा. १०९५ या नावाचं पोलाद घेतलं. त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन आणि थोडं मँगनीज, गंज रोखणारं क्रोमियम मुद्दाम घातलेलं नाही. मूठ शिसवी, वर झकास पॉलिश. मामांनी दगडावर दहाबारा हात मारले आणि मनगटावरचे केस भादरून दाखवले. दोन आठवडे ते खूश होते.

पाचव्या आठवड्यात पातं उघडेना. ओल्या नखाने तर नाहीच.

लाकूड ओलावा पितं आणि फुगतं, हे काही नवीन नाही. लांबीत ते फारसं हलत नाही, आडवं हलतं, आणि वर्तुळरेषेच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा ढोबळमानाने दुप्पट. या चाकूत धातूचं अस्तर नव्हतं, लाकडी पट्ट्या थेट पात्याच्या बुडाला टेकलेल्या. पट्ट्या फुगल्या आणि पातं चिमटीत धरलं गेलं. १८९० सालापासून बनत असलेल्या ओपिनेलच्या लाकडी चाकूंमध्येही हे होतं, आणि त्यावर जुना तोडगाही आहे. मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं. पण डोळे भरताना दर वेळी टेबल कुठून आणायचं?

मी खिळा ठोकून काढला, पट्ट्या सोडवल्या आणि आत बघितलं. बाहेरून पात्यावर फक्त करडी-निळी झाक होती, वनस्पतीतल्या टॅनिनने येते तशी. आत मात्र पात्याच्या बुडाला आणि स्प्रिंगच्या आतल्या अंगाला विटकरी भुकटी चिकटली होती. पाच आठवड्यांत इतकी! तेव्हा कुठे मला पहिल्यांदा जुन्या चाकूचे तुकडे नीट बघायची बुद्धी झाली.

मोडलेली स्प्रिंग काय सांगते

स्प्रिंगच्या मोडलेल्या तोंडाकडे भिंगातून बघितलं तर दोन रंग स्पष्ट दिसत होते. आतल्या कडेला एक काळपट अर्धचंद्र, आणि उरलेला भाग चकचकीत, दाणेदार. अर्थ सरळ आहे. काळा भाग आधीच तडकलेला होता, आत ओलावा जाऊन गंजत होता. प्रत्येक उघडमिटीला तडा केसभर पुढे सरकत राहिला आणि उरलेलं चकचकीत पोलाद शेवटच्या दिवशी एकदम तुटलं. अर्धचंद्राच्या मुळाशी गंजाने पाडलेला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा होता. बरोबर त्या जागी, जिथे लाकडी पट्टी स्प्रिंगला टेकलेली असते.

म्हणजे चाकू म्हातारपणाने गेला नव्हता. मग २६ वर्षं टिकला कसा?

मी विचारलं, "मामा, तुम्ही हा कशाने पुसता?"

"पुसत नाही, बुडवतो. ब्लीचच्या पाण्यात. तीनेक वर्षं झाली."

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गुलाबांच्या एका लॉटमध्ये खोडांवर गाठी आल्या होत्या. हा जिवाणूंचा रोग, आणि तो हत्यारांवरून एका रोपातून दुसऱ्यात जातो. तेव्हा कोणीतरी सांगितलं की दर रोपानंतर चाकू निर्जंतुक करा. सल्ला अगदी रास्त होता. फक्त मामा अर्धवट उघडा चाकू मुठीपर्यंत बुडवत होते. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट स्वतः गंज घडवतं आणि मागे क्लोराइड ठेवून जातं. क्लोराइड तर स्टेनलेसवरचं संरक्षक पापुद्र्यासारखं आवरणही ठिकठिकाणी भेदतं, साध्या कार्बन पोलादाची काय कथा. पातं मामा पुसायचे, ते दिवसभर वाऱ्यावर असायचं. बिजागरीत शिरलेलं पाणी मात्र तिथेच राहायचं, आणि शेजारचं लाकूड ते ओल्या स्पंजासारखं धरून ठेवायचं. त्याआधीची वर्षं चाकू सुक्या फडक्यावर पुसला जायचा आणि रात्री बिजागरीत तेलाचा थेंब पडायचा. ब्लीच आल्यावर तेल धुऊन गेलं.

या प्रकरणातून मला जे कळलं ते एवढंच: मूठ आणि पोलाद हे दोन वेगळे प्रश्न म्हणून सोडवताच येत नाहीत. पातं गंजतं की नाही हे बऱ्याच अंशी मूठ ठरवते, कारण ते गंजतं तिथे, जिथे ते मुठीच्या आत असतं. आणि लोक कोऱ्या पात्यावर लिंबू आणि मिठाचे प्रयोग करून पोलादाची परीक्षा घेतात! मीही घेतली आहे.

पोलाद

तिसऱ्या वेळी सुरुवात द्रवापासून केली. मामा ब्लीच सोडून ७० टक्के स्पिरिटच्या फडक्याने पातं पुसायला तयार झाले, पण पाणी, चीक आणि घाम राहणारच. दगड तोच राहणार. पातं पातळ हवं आणि पिळवटलं तरी टवका उडू नये. या तीन अटी लावल्यावर पोलादांची लांबलचक यादी पाच मिनिटांत आटोपली.

डी-२ बऱ्याच जणांनी सुचवलं. त्यात १२ टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते 'जवळजवळ स्टेनलेस' म्हणून खपतं. पण त्यात दीड टक्का कार्बनही आहे. कार्बन त्या क्रोमियममधला मोठा वाटा ओढून घेतो आणि कठीण कण तयार करतो, आणि कणांत अडकलेलं क्रोमियम गंजापासून वाचवायला येत नाही. टक्केवारी वाचून पोलाद घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. याच्या उलट उदाहरण मॅग्नाकटचं. २०२१ मध्ये आलेल्या या पोलादात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के. पण त्याची रचना अशी बेतली आहे की क्रोमियम कणांत न अडकता पोलादातच विरघळलेलं राहतं आणि कण बनतात ते व्हॅनेडियम आणि नायोबियमचे. त्यामुळे आकडा कमी असूनही ते डी-२ पेक्षा कितीतरी कमी गंजतं. मला ते मनापासून आवडतं. पण त्यातले कण पुन्हा त्याच जातीचे, दगडाला भारी. एस-९० व्ही इतकं वाईट नाही, तरी मामांच्या दगडावर नको.

दुसऱ्या टोकाला स्विस सैनिकी चाकूंच्या जातीचं पोलाद. अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, काठिण्य रॉकवेल मापात ५६ च्या आसपास. कोणत्याही दगडावर येतं, सहजी गंजत नाही, टवका उडत नाही. याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. पण फार पातळ धार केली तर ती लवकर लवते, आणि आम्हाला पातळच हवी होती.

मधलं उत्तर १४सी२८एन. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ आणि ०.११ टक्के नायट्रोजन. कार्बन मोजकाच, त्यामुळे क्रोमियम मोकळं राहतं. कण बारीक, त्यामुळे पातळ धार तग धरते. कार्बन कमी ठेवल्याने काठिण्यात जी तूट येते ती नायट्रोजन थोडी भरून काढतो. ओळखीच्या एका चाकू बनवणाऱ्याकडून पातं आणि स्प्रिंग कापून घेतली. पात्याला पाणी देऊन, म्हणजे लालभडक तापवून झटक्यात थंड करून, त्याने काठिण्य रॉकवेल ५९ वर आणलं. या पाण्याबद्दल एक सांगायला हवं. त्याच पोलादाला घाईत पाणी दिलं तर ते ५५ वर रेंगाळेल, आणि पात्यावर कोरलेलं नाव तेच राहील. लोक नावावर भांडतात.

धारेला एकाच बाजूने उतार, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू फांदीवर टेकून सरकते, म्हणून काप सरळ येतो. कलमाचे चाकू बहुतेक असेच असतात, फक्त उजव्या हातासाठी. मामा डावरे आहेत! जुन्या चाकूचा उतार त्यांनी स्वतःच वर्षानुवर्षं घासून फिरवून घेतला होता आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं. नव्या पात्याचा उतार पहिल्यापासून डाव्या हाताचा आणि नखाची खाचही पलीकडच्या बाजूला.

मूठ

इथे मी जास्त वेळ घालवला, आणि तो वाया गेला नाही.

आधी वजन. अशा चाकूच्या मुठीच्या दोन पट्ट्या धरल्या, प्रत्येकी ९ सेंटिमीटर लांब, २ रुंद आणि ३ मिलिमीटर जाड, तर मिळून १०.८ घनसेंटिमीटर होतात. भरीव पितळेत हे ९० ग्रॅमच्या वर जातं, टायटेनियममध्ये ४९, ॲल्युमिनियममध्ये २९, आणि कापडाचे थर रेझीनमध्ये दाबून केलेल्या जी-१० मध्ये २०, मायकार्टात साधारण १५. हातात खेळवायला पितळ झकास, पण शेकडो वेळा बोटांत फिरवायच्या चाकूला ७०-७५ ग्रॅम जास्तीचे म्हणजे संध्याकाळी मनगट बोलणार.

मग स्पिरिट. ते लाखेच्या पॉलिशचं सरळ द्रावकच आहे, म्हणजे लाख लावलेली लाकडी मूठ दोन आठवड्यांत उघडी पडणार. रंगीबेरंगी ॲक्रिलिकच्या मुठी दिसायला सुंदर, पण स्पिरिटने त्यांच्यावर बारीक चिरांचं जाळं पडतं. हाडाच्या मुठीवर माझा जीव आहे, पण ओलं-सुकं होत राहिलं की हाड खिळ्यापासून तडकतं. निर्वातात रेझीन पाजलेलं लाकूड बऱ्यापैकी स्थिर राहतं, बऱ्यापैकीच. जुन्या संग्राहकांकडे दिसणारं सेल्युलॉइड तर या चर्चेतच नको. ते जुनं होऊन विघटू लागलं की नायट्रिक आम्लाच्या वाफा सोडतं आणि त्याच डबीत ठेवलेली दुसरी पातीही गंजवतं. बंद डबी उघडल्यावर कापरासारखा किंवा आंबूस वास आला तर तो चाकू आधी वेगळा काढावा.

उरले तीन. काचतंतू मिसळलेलं नायलॉन हलकं, ओलाव्याने त्याचं फारसं बिघडत नाही आणि स्वस्तात साच्यातून निघतं. मला ते खेळण्यासारखं लागतं, पण तो माझा दोष. त्याला वगळलं ते साच्याशिवाय घरी करता येत नाही म्हणून. जी-१० म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सीचे थर, दाबून पक्के केलेले. पाणी जवळजवळ पीत नाही. खडबडीत ठेवलं तर पकड उत्तम, पण खिशाचं अस्तर किसून काढतं, आणि गुळगुळीत केलं तर ओल्या हातात काचेसारखं.

मायकार्टात काचेऐवजी सुती कापड किंवा कागद आणि इपॉक्सीऐवजी फिनॉलिक रेझीन. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्टिंगहाउसने विजेच्या कामासाठी काढलं, रोधक म्हणून. जाड कॅनव्हासचं मायकार्टा पॉलिश न करता ४०० नंबरच्या घासकागदावर सोडलं तर पृष्ठभागावर कापडाच्या धाग्यांची टोकं उघडी राहतात. ती ओली झाली की किंचित फुलतात आणि पकड वाढते. ओल्या हातात घट्ट बसणारी मूठ मला दुसरी सापडली नाही. पृष्ठभाग ओलावा घेतो, डाग पडतो, काळवंडतो, पण पट्टी फुगून पात्याला चिमटत नाही. स्पिरिटला दाद देत नाही. मामांसाठी हेच.

जी-१० आणि मायकार्टा या दोन्हींची धूळ छातीत जाऊ देऊ नये. मी मास्क लावून, ओला कागद वापरून घासलं आणि तरी दोन दिवस कपड्यांना फिनॉलचा वास येत होता.

अस्तर आणि स्प्रिंगही स्टेनलेसच. खिळ्याऐवजी स्क्रू, म्हणजे महिन्यातून एकदा चाकू उघडून आत पुसता येतो. जुन्या चाकूला असा स्क्रू असता तर तो खड्डा कोणाच्या तरी नजरेला आला असता. सुरेख ठोकलेल्या पितळी खिळ्याचं रूप स्क्रूला नाही, हे मान्य.

आठ महिन्यांनंतर

चाकू आतून उघडून बघितला. बुडाला चिकाचा काळा थर, खाली पोलाद स्वच्छ. एका स्क्रूच्या डोक्यावर गंजाचा ठिपका आला आहे, स्क्रू कोणत्या पोलादाचा होता ते मी विचारलंच नव्हतं. मूठ बोटांच्या जागी गडद तपकिरी झाली आहे. दुपारी मामा चामड्याच्या पट्टीवर वीसेक हात मारतात, दगड आठवड्यातून एकदा. एस-९० व्ही पुष्कळ जास्त टिकलं असतं हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "पट्टीवर हात मारेपर्यंत पाठ तरी सरळ होते." तो चाकू आता माझ्याकडे पुठ्ठे कापतो, आणि त्यासाठी हिऱ्याची पट्टी मला घ्यावी लागली.

एक तक्रार मात्र उरली होती. "खटका जुन्यासारखा वाजत नाही." दिवसातून शेकडो वेळा ऐकलेला आवाज, कानाला बरोबर कळतो. चाकू दोनदा सोडवला. स्प्रिंग जिथे पात्याच्या बुडावर बसते तो कोपरा जरासा गोलावला होता. बुडाची ती बाजू बारीक कानशीने दोन हात सपाट केली, पुसली, तेलाचा थेंब सोडला आणि चाकू मामांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून चारपाच वेळा उघडमीट केली.

"आता जवळपास आलाय. अजून एक हात मार."